पेशीला सही लागत नाही

शुद्धलेखनाच्या चुका आणि साध्या शब्दांबद्दल आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. पण चाकणच्या आमच्या कंपनीत किस्से भंगारासारखे साचतात. उचलायला कुणी येत नाही, म्हणून मीच लिहितो.

खराब पार्टला लाल टॅग लावून भंगारात काढायचा, असा आमचा नियम. पण टॅगवर तीन सह्या लागतात! त्यामुळे पार्ट रॅकवरच पडून राहतात आणि ऑडिट आलं की ताडपत्रीखाली जातात.

*

खंडूमामा आमच्या लाइनचे सगळ्यात जुने ऑपरेटर. यंदा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून साहेब दिसले की हात खिशात! शेवटी मीच त्यांना पिंपरीला डॉक्टरांकडे नेलं.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची छोटी पॉवरहाउस असतात. एखादं बिघडलं की पेशी त्याला खूण लावते आणि मोडीत काढते. ही सफाई अडली की बिघडलेली साचतात, मेंदूतल्या पेशी मरतात. या आजारामागे हेही एक कारण असावं."

मामांनी विचारलं, "खुणंवर सही कुणाची लागती?"

"कुणाचीच नाही."

"मंग आमच्या कंपनीपरीस पेशी शानी हाय!"

*

मग एचआरने आरोग्यावर भाषण ठेवलं. पाहुणे म्हणाले, "उपाशी राहिलं की पेशी आतला कचरा साफ करते." सोमवारपासून कँटीनमधला चारचा वडा बंद! वर बोर्ड: 'आपल्या पेशींच्या हितासाठी.'

साहेबांच्या केबिनमध्ये काजूची बशी मात्र चालूच. वेल्डर सुनील म्हणाला, "भावा, साहेबांच्या पेशी काजूवर साफ होतात का रे?"

*

एक दिवस साहेबांसमोरच मामांच्या हातून माप तपासायचा गेज पडला. माझ्या हातून पडला, असं मी म्हणणार होतो. तोंडच उघडलं नाही.

साहेब गोड हसले. "मामा, तुम्हाला हलकं काम देतो. ऑडिट आहे, या वेळी ताडपत्री नको, दोनशे खराब पार्टना दोऱ्याने लाल टॅग बांधा. शुक्रवारपर्यंत नाही जमलं, तर कायमचा आराम करा!"

दिवसभरात मामांनी अकरा बांधले. सुटताना म्हणाले, "आख्खी इंजिनं बसवली रं आमी. आन् दोऱ्याची गाठ बसंना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली बस पकडून शिफ्टच्या दोन तास आधी पोचलो. उरलेल्या एकशे एकोणनव्वद टॅगच्या दोऱ्यांना सरकफास पाडून ठेवला. नुसतं अडकवायचं आणि ओढायचं. मामा गेटातून येताना दिसले, तसा उठून माझ्या मशीनवर गेलो.