साहेबांसाठी गोडं पाणी

मंडळी, पेपर उघडण्याआधी वाचनालयाच्या फळ्यावरचं हे वाचा. आपल्या वाडीच्या विहिरीचा अहवाल आज पुण्याहून आला. पाणी पिण्यास योग्य.

त्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. तक्रार केली, की आरोग्य खातं बांधकामाकडे बोट दाखवी, बांधकाम आरोग्याकडे. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठे नमुन्याची बाटली आली.

ती मासे विकणाऱ्या बायोने भरली होती. आज तिला विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "सायबाक खारा पाणी कसा धाडूचा, मास्तरानू? देवळाकडच्या बावयेचा गोडा भरलंय."

म्हणजे देवळाजवळच्या विहिरीचं! मला रागावताही येईना. बाटली पुन्हा आली, तर तुमच्यापैकी कोण साहेबांना खारं पाणी पाठवेल?