लग्नाच्या यादीत रक्ततपासणी

माझं लग्न जमत होतं तेव्हा मला दिवसातून चारदा हसू फुटायचं, आणि तेही कामावर. मी मंचरच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. हातात सुई, समोर घाबरलेला पेशंट आणि ही बया हसतेय, म्हणून मॅडम दोनदा ओरडल्या. ओरडू देत. मुलगा अवसरी खुर्दचा, चाकणला कंपनीत कामाला. बघायला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही सुई टोचलेली कळतसुद्धा नाही म्हणे, खरं का? मी म्हटलं, बघायचंय का टोचून? आमच्या बोरी बुद्रुकच्या घरात सगळे हबकले आणि हा पठ्ठ्या पोट धरून हसला. मला तिथंच आवडला. लाजायचं काय त्यात, लई आवडला.

आता मधेच एक गोष्ट सांगते, नाहीतर मी पुढं जे केलं तो निव्वळ आगाऊपणा वाटेल. थोडा होताच म्हणा.

दिवस गेलेल्या बायका पहिल्या तपासणीला आमच्याकडं येतात. त्यात एचआयव्हीचीही तपासणी असते आणि ती आधी विचारून करावी लागते. एकदा एक मुलगी आली, माझ्याच वयाची, हातातला हिरवा चुडा अजून नवा. मी विचारलं तर म्हणाली, "ती कशाला ताई? माझं तर लग्न झालंय." मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? करायची असते म्हणून केली. पॉझिटिव्ह आली. पहिल्यांदा वाटलं, किट खराब असेल. दुसऱ्या किटवर तेच, तिसऱ्यावर तेच. तिच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय पुरुष नव्हता. नवऱ्याला लग्नाच्या आधीपासून होतं आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढं सरकारी दवाखान्यातून दोघांना गोळ्या सुरू झाल्या, बाळ सुखरूप झालं, बाळाला लागण नाही. मधे कडेवर घेऊन दाखवायला आली होती, गुटगुटीत पोर.

पण तिचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. गळ्यात मंगळसूत्र पडलं की आपण यातून सुटलो, असं आपण सगळ्याजणी धरून चालतो. मी तर रोज लॅबमध्ये बसून तेच धरून चालले होते. कॉलेजची पोरं आली की मी ताठ बसायची, आणि कुंकू लावलेली बाई आली की निवांत. स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

तर आमच्या याद्या. पसंती झाली की दोन्हीकडची माणसं बैठकीला बसतात, कागदाला हळदीकुंकू लावतात आणि लग्नात कुणी काय करायचं ते लिहून काढतात. मंडप कुणाचा, जेवण कुणाचं, बँड कुणाचा, मानाच्या साड्या कुणाकुणाला. लिहून झालं की सुपारी फोडायची, मग लग्न पक्कं. आमच्याकडं लिहायला मामा बसला होता. मी आतून ऐकत होते. बँडवरून बराच वेळ ओढाताण झाली, मग साड्यांवरून. शेवटी मामा म्हणाला, झालं का, का अजून काही राहिलंय? मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मामा, अजून एक लिहा. नवरा-नवरी दोघांची रक्ततपासणी. एचआयव्हीची."

कुणी कप उचलेना. आमचे वडील खाली बघायला लागले, मुलाचे वडील छताकडं. मुलाची आई सकाळपासून मला हाताला धरून शेजारी बसवून घेत होती, ती ताडकन उभी राहिली. आमचं पोर धुतल्या तांदळासारखं आहे, म्हणाली, असलं काही ऐकून घ्यायला आम्ही आलो नाही. मी म्हटलं, मलाही काही झालेलं नाही, म्हणून तर दोघांचं म्हणते. पत्रिका मागितली तेव्हा कुणाला राग आला नव्हता, मग रक्ताचाच का येतो? माझा आवाज चढला होता, तो चढायला नको होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "लिवा मामा. दोघांचं लिवा."

काय सांगू, त्या क्षणी मला नाचावंसं वाटलं! पण मामानं एकदा माझ्या आईकडं पाहिलं, एकदा मुलाच्या आईकडं, आणि पेनाला टोपण लावलं. सुपारी तशीच ताटात राहिली. पाहुणे चहा न घेता गाडीत बसले.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. चार माणसांत नाक कापलंस, म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, सगळा राग भांड्यांवर काढला. वडील वाशीच्या मार्केटला वीस वर्षं माथाडी होते. गावच्या यात्रेला आणि दिवाळीला यायचे, बाकी वर्षभर आईनं एकटीनं शेत बघितलं, आम्हा दोघी बहिणींना वाढवलं, पण कधी कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही. आणि तिची पोरगी भर बैठकीत असलं बोलली. तिचं दुःख मला कळत होतं. पण मला तो मुलगाही हवा होता आणि तपासणीही हवी होती, आणि एकासाठी दुसरं सोडायची माझी तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. घरी रोज वाजतंय, म्हणाला, आई लग्नाचं नावच काढू देत नाही. मग विचारलं, माझ्यात काही निघालं तर मोडशील का? मी म्हटलं, माहीत नाही. गोळ्या रोज घेतल्या तर माणूस धडधाकट जगतो, बायकोलाही होत नाही, हे मी लोकांना रोज सांगते, पण स्वतःवर वेळ आल्यावर काय करीन ते आत्ता नाही सांगता येत. लपवलंस तर मात्र नक्की मोडीन. तो म्हणाला, चालेल. एवढंच. फोन ठेवल्यावर मी गच्चीवर जाऊन एकटीच हसले आणि मग थोडी रडलेही.

दहा दिवसांनी त्यानं कळवलं, आई तयार झाली, पण एक अट आहे: ती स्वतः येणार आणि डोळ्यांनी बघणार. रविवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर तिघं आले. वडील खाली गाडीतच बसून राहिले. मॅडमनी आम्हा दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं, सह्या घेतल्या, रक्तही त्यांनीच काढलं, मला हात लावू दिला नाही. वीसेक मिनिटं लागली असतील. रोज मी लोकांना म्हणते, बसा हो, काही नाही होत. स्वतः बसले तर घड्याळावरून नजर हटेना. त्याची आई भिंतीकडं बघत बसली होती.

दोघांचंही निगेटिव्ह! मॅडम म्हणाल्या, तीन महिन्यांनी, लग्नाच्या आधी, परत एकदा करा म्हणजे पक्कं होईल. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या आणि वडिलांना सांगायला दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळाला. मी त्याच्या आईकडं वळले. आता तरी हसतील असं वाटलं होतं.

त्या उठून सुईच्या टेबलापाशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या.

"माझं बी बघ," म्हणाल्या.

का, ते त्यांनीच सांगितलं. नवऱ्यानं पंचवीस वर्षं ट्रक चालवला, मंचरहून कांदा-बटाटा भरायचा आणि हैदराबाद, कलकत्ता, कुठं कुठं जायचा. महिना-महिना घरी नसायचा. "मी कदी इचारलं न्हाई, आन् मला बी कदी कुणी इचारलं न्हाई. त्या दिवशी तू बोललीस तवा माज्या पायाखालची जमीन सरकली. पोरासाठी न्हाई गं. माज्यासाठी."

आणि मी दहा दिवस या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले होते! मॅडमनी त्यांना आत नेऊन सगळं समजावलं, पण रक्त पोरीनंच काढायचं, यावर त्या अडून बसल्या. मी काढलं. हात गार पडला होता त्यांचा. रिपोर्ट ज्याचा त्याचा असतो, मी कुणाचा सांगत नाही. पण त्यांनी स्वतःच अख्ख्या आळीला सांगितलाय, म्हणून लिहिते: काही निघालं नाही. त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मला जवळ ओढून घेतलं.

मग एकदम विचारलं, "तुज्या आईचं केलंस का?"

सहा वर्षं मी या टेबलावर रक्त काढतेय. चुडेवालीचं काढलं, कॉलेजच्या पोरांचं काढलं, होणाऱ्या नवऱ्याचं भर बैठकीत मागितलं. वीस वर्षं वाशीच्या माणसाची वाट बघणारी बाई माझ्याच घरात भाकरी थापत होती आणि ती माझ्या कधी मनातसुद्धा आली नाही. मी मान हलवली, नाही म्हणून.

फोन लावायला सांगितला त्यांनी. आईनं उचलला, पण मी नुसतं जेवलीस का, शेतात गेलीस का, असलंच विचारत राहिले. शेवटी त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या, "उद्या मंचरला या. तुमच्यासंगं मी बसते."