बाराव्या ठोक्याला तानी

१. सकाळी सातचा पाढा म्हणताना तानी पुन्हा अडली.
२. तिचे मामा शाळेत आले. "बाई, डोस्कं न्हाई हो पोरीला. सोमवारी शाळेतनं नाव काढतो," म्हणाले.
३. दुपारी लेझमीत मी नवा नियम घातला: दर तिसऱ्या ठोक्याला वाकायचे, दर चौथ्याला वळायचे.

ट्रेनिंगच्या मैत्रिणींनो, बाराव्या ठोक्याला रांग मोडली. काही मुली वाकल्या, काही वळल्या. तानी एकटी वाकत वळली.

"ए तानी, एक कायतरी कर की!" शेजारची ओरडली.

"दोनी एकदमच येतंय न्हवं? म्होरं चोविसालाबी येतंय बघ!"

लसावि मी अजून शिकवलेला नाही.

चोविसाव्याला सगळ्याजणी तिच्यासारख्या वाकत वळल्या. तेव्हापासून पटांगण मला पाटीसारखे दिसते आहे, आणि मुली त्या पाटीवर सावकाश सरकणारे आकडे.

पण एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. शिवाय तानी शाळेत राहावी असे मला वाटते, म्हणून माझी नजर भरवशाची नाही. पाढ्यांत अडणाऱ्या तुमच्या मुलींकडून हेच करून घ्या. दिसेल तसेच लिहा, माझे मन राखू नका. उत्तर शनिवारपर्यंत वाईला पोचू द्या.