शेळीचा बोर्ड

कोल्हापुरात सिनेमा आधी भिंतीवर लागायचा, मग पडद्यावर. गुरुवारी संध्याकाळी थिएटरच्या तोंडावर नवा बोर्ड चढायला लागला की रिक्षावाले, पानवाले, कॉलेजची पोरं माना वर करून उभी. हिरोचं नाक जमलंय की नाही, याचा निकाल तिथेच लागायचा आणि त्यावर शुक्रवारची गर्दी ठरायची. आमच्या भागातल्या थिएटरचे बोर्ड एकच माणूस रंगवायचा. सगळे त्यांना चाचा म्हणत. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सिनेमांची तोंडं रंगवली आणि स्वतःचा सिनेमा लागला तेव्हा त्यालाच बोर्ड नव्हता.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवून घ्यायला चाचांच्या शेडमध्ये गेले, तर त्यांनी एक शंभरपानी वही माझ्यासमोर धरली आणि अंगठ्याने पानं भरभर सोडली. वहीच्या कोपऱ्यात एक शेळी चालायला लागली. चालता चालता थांबली, मागे वळून बघितलं, पुन्हा चालली. पडद्याचं बोलणं राहूनच गेलं. चाचांना त्या शेळीचा सिनेमा करायचा होता. पुढची चार वर्षं शाळा सुटली की मी त्या शेडमध्ये. घरचे म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

गोष्ट साधी होती. चांदीच्या पैंजणांचं गाव असलेल्या हुपरीतल्या एका कारागिराची शेळी. तिच्या पायात पैंजण अडकतं आणि ती तशीच वाजत-गाजत कोल्हापूरच्या बाजारापर्यंत येते. पाऊण तासाचा सिनेमा. चित्रं काढायला लागणारे पारदर्शक कागद परवडत नव्हते, म्हणून आम्ही दवाखान्यातले जुने एक्स-रे आणून गरम पाण्यात धुवायचो आणि त्यांवर रंगवायचो. कितीही घासले तरी त्यांची निळसर झाक जायची नाही. त्यामुळे आमच्या सिनेमात दिवसभर संध्याकाळच असायची. एका सेकंदाला बारा चित्रं, आणि बाराही चित्रांत त्या पैंजणाचं प्रत्येक घुंगरू नव्याने काढायचं. ते काम माझ्याकडे होतं. एकदा वैतागून मी म्हणाले, "चाचा, साधी घंटा बांधा की तिच्या गळ्यात."

"हुपरीची शेळी हाय बाई," ते म्हणाले. "घंटा बांधून कशी यील?"

बंद पडलेल्या एका स्टुडिओतला म्हातारा कॅमेरामन येऊन एकेक चित्र टिपून जायचा. चाचांना घाई होती. डाव्या डोळ्याने दिसायचं केव्हाच थांबलं होतं आणि उजवा त्याच वाटेने निघाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे आयुष्यात एकच सिनेमा होणार, तो हाच. थिएटरच्या मॅनेजरने जुन्या ओळखीखातर सकाळचा खेळ दिला. आठवडाभर टिकला तर सांगली-मिरजेला लावायला एक वितरक तयार होता. टिकला नाही तर रिळं डब्यात.

आणि चाचा अडून बसले. बोर्ड रंगवायचा नाही, हँडबिलं वाटायची नाहीत, रिक्षावर भोंगा बांधायचा नाही.

"बोर्डावर मी लई खोटं बोललोय बाई. सिनेमात वाघ नसला तरी बोर्डावर वाघ काढला. शेळीच्या बाबतीत ते न्हाय करायचं."

"मग खरी शेळी काढा."

"खरी शेळी बघायला कोण मान वर करतंय? एकदा आत येऊन बघितलं की मानसं आपल्या तोंडानं सांगत जात्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनी तुमी शाळंत सांगायचं न्हाय. बाईंनी सांगितलं म्हणून पोरी आल्या तर त्यो हुकूम झाला."

मी "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला आजही संताप येतो. पैंजणावरून भांडणारी मी, तिथे मात्र एका शब्दात कबूल झाले. त्यांचा मान राखतेय असं मला वाटत होतं. खरं तर वाईटपणा घ्यायला मी भीत होते.

दुपारपासूनच्या खेळांना थिएटरात डाकूंचा सिनेमा चालू होता. त्याचा बोर्ड तसाच राहिला. हातात बंदूक, डोळ्यांत रक्त, मागे पेटलेलं गाव. चाचांनीच रंगवलेला, आणि इतका झकास की शुक्रवारी सकाळी चाळीसेक माणसं तो बघून आत शिरली. अंधार झाला आणि पडद्यावर शेळी आली.

पाच मिनिटं लोकांनी वाट बघितली. मग खुर्च्या आपटायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "शेळी हाणा, डाकू आणा." चाचा आणि मी शेवटच्या रांगेत होतो. त्यांना पडदा नीट दिसत नव्हता. ते पैंजणाच्या आवाजावरून शेळी कुठे पोचली ते ओळखत होते, आणि आता तो आवाजही ऐकू येईना. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळला.

"पावणं, डाकू कवा येतोय?"

"तीनच्या खेळाला," चाचा म्हणाले.

शनिवारी सातजण आले. रविवारी चार, त्यांत आम्ही दोघं. खेळ सुटल्यावर मॅनेजर म्हणाला, "चाचा, उद्यापास्नं न्हाय जमायचं." चाचांनी मान हलवली. रिळांचे डबे आम्ही रिक्षातून शेडवर आणले.

सोमवारी शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावलं. चेहरा रागावलेला. "तुम्ही सिनेमा केलात, आणि मला शिपायाकडून कळतं? आधी सांगायचं नाही? आख्खी शाळा रांगेने नेली असती हो. जयसिंगपूरच्या शाळेत माझी बहीण आहे, तिनेही मुली आणल्या असत्या." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, त्या रागावल्या म्हणून.

संध्याकाळी हे सांगायचंच, असं ठरवून शेडमध्ये गेले. चाचा स्टुलावर बसून, कापडाला जवळजवळ नाक लावून, नव्या सिनेमातल्या खलनायकाच्या मिशा रंगवत होते. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. शेळी वाईट झालती का?"

"चांगली झाली होती, चाचा."

"मग मानसं का न्हाय आली?"

उत्तर माझ्याकडे होतं, सकाळीच मिळालेलं. ते दिलं तर चार वर्षं त्यांच्या हट्टाने आणि माझ्या गप्प बसण्याने पाण्यात गेली, हे त्यांना कळलं असतं. नाही दिलं तर दोष शेळीच्या माथी. मी म्हणाले, "लोकांचं काय सांगता येतं."

"न्हाय," ते म्हणाले. "शेळीतच कायतरी चुकलंया."

वर्षभरात त्यांना दिसेनासं झालं. मी अधूनमधून जात राहिले. मी आले हे कळलं की ते शेळीबद्दलच बोलायचे. बाजारात ती जरा जास्तच थांबती. मागं वळून बघती तवा मान जड वाटती. पैंजण नको हुतं बाई, तुमचंच खरं हुतं, घंटाच बांधायला पायजे हुती.

आणि मी त्यांच्याजवळ बसून, प्रत्येक चुकीला, "व्हय चाचा" म्हणायचे.