निळी नखं

ही गोष्ट मी दर वर्षी सांगते, पण खोटी. खरी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट माहीत नाही. दमले आहे, एवढंच म्हणता येईल.

अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुलामुलींना आम्ही औषध कारखान्यात काम करायला शिकवतो. कॉलेजात त्यांनी जंतूंची अवघड नावं पाठ केलेली असतात, पण इंजेक्शनं भरतात त्या निर्जंतुक खोलीत पाय कसा ठेवायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. ते मी सांगते. झगा जमिनीला न टेकवता कसा चढवायचा, हातमोजा बाहेरून न शिवता कसा घालायचा, आणि मग हात छातीसमोर धरून उभं राहायचं — नाकाला खाज आली तरी हात न्यायचा नाही. मुलं हसतात. मग मी ओरडते. केंद्रात मी ओरडण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

हे सगळं जमलं की नाही, ते शेवटी बोटं सांगतात. मोजे घातलेल्या बोटांचा ठसा एका छोट्या प्लेटमधल्या जेलीवर अलगद दाबून द्यायचा, प्लेट उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवस थांबायचं. जेली नितळ राहिली तर तुम्ही पास. ठिपके उगवले, तर तुमचा हात कुठेतरी लागला होता. कुठे, ते प्लेट सांगत नाही.

त्या वर्षी इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्याकडून मुली घ्यायचं ठरवलं. ठेकेदारामार्फत नाही, थेट आणि कायम. आमच्या केंद्रात असं कधी घडलं नव्हतं. शिवाय कंपनी आम्हाला नवी लॅब बांधून देणार होती, आणि लॅबप्रमुख म्हणून माझं नाव चाललं होतं. तोवर मी दर वर्षी करार वाढतोय का याची वाट बघणारी बाई होते. हे सबब म्हणून सांगत नाही. — की सांगते आहे? जाऊ दे.

त्या तुकडीत प्रज्ञा होती. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून यायची. तिची आई घरी जीन्स शिवायची. कारखानदाराकडून कापलेले तुकडे यायचे, आई मशीनवर आणि प्रज्ञा दोरे कापायला. कोऱ्या जीन्सचा रंग नखांच्या कडेला जाऊन बसतो, कितीही घासला तरी निघत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने हात पुढे करून मला विचारलं होतं, “मॅडम, ही अशी नखं चालतील ना?” मी म्हणाले होते, “कापलेली आहेत ना? मग चालतील.” खरंच चालतात. तो नुसता रंग, आणि वरून मोजे असतात. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि ती चांगली होती हो. म्हणजे, मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण झगा चढवताना तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. घाई नाही, धांदल नाही. मी तिच्यावर एकदाही ओरडले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी कंपनीचे साहेब काचेपलीकडे उभे होते. म्हणाले, मॅडम, तुम्हीही एक ठसा द्या, मुलींना धीर येईल. मी दिमाखात आत गेले. एका मुलीची टोपी नीट बसली नव्हती. तिला सांगायला वाकले आणि माझा चष्मा नाकावरून घसरला. मी तो बोटाने वर सरकवला. इतकंच. इतर कुणी केलं असतं तर मी खोली डोक्यावर घेतली असती. साहेब तेव्हा फोनवर होते, मुली आपापल्या मोज्यांत गुंतलेल्या. नियम सोपा आहे — मोजा बदलायचा, पहिल्यापासून सुरू करायचं. पण तोवर साहेबांनी फोन ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. मी तीच बोटं जेलीवर दाबली.

निकालाच्या दिवशी मी साहेबांच्या आधी केंद्रात पोचले आणि कपाट उघडलं. माझ्या प्लेटवर ठिपके होते, दुधाचे शिंतोडे उडावेत तसे. बाकी सगळ्या नितळ.

प्लेटच्या बुडाला मार्करने नाव लिहिलेलं असतं. ज्या स्पिरिटने आम्ही हात पुसतो, त्यानेच ते पुसलं जातं. मी दोन नावं पुसली आणि दोन नावं लिहिली. सगळ्या प्लेटांवर अक्षर माझंच होतं.

इथेच थांबावंसं वाटतं. पण खरी गोष्ट याच्यापुढे आहे. प्रज्ञाचीच प्लेट का? तिथे इतरही मुली होत्या, तिच्याहून ढिल्या, विसराळू. घाईत हाताला लागली ती उचलली, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही — मी विचार केला होता. कुणाच्या नावावर ठिपके दिसले तर कुणालाच आश्चर्य वाटणार नाही, असा विचार.

साहेबांना मात्र वाटलं. “ही? ही तर चांगली वाटली होती हो.” आणि मी म्हणाले, “घरी जीन्सचं काम चालतं तिच्या. हात बघितलेत ना तिचे?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे काही बोलावंच लागलं नाही.

मी मांजर्ली गावच्या जुन्या शेतकरी घरातली. लहानपणी आमच्या ओटीच्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा, प्रज्ञाच्या समाजातल्या बायका कामाला आल्या की त्यांच्यासाठी. मोठी झाल्यावर मी घरात भांडून तो कप फेकून दिला होता. त्याचा मला केवढा अभिमान! आणि साहेबांसमोर ते हातांचं वाक्य माझ्या तोंडातून किती सहज निघालं. ते कुठून आलं, मला ठाऊक आहे.

प्रज्ञा रडली नाही. फक्त म्हणाली, “मॅडम, परत एकदा ठसा घ्या ना. मी कुठंच हात नाय लावला. तुम्ही होता ना तिथं?” मी म्हणाले, कंपनीचा नियम आहे. असा नियम नव्हता. दुसरी संधी सगळीकडे देतात. पण दुसऱ्या ठशात ती नितळ निघाली असती, आणि मग कुणीतरी विचारलं असतं.

काही आठवड्यांनी ती आईला घेऊन आली. तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. नखांत रंगाचा मागमूस नव्हता. ब्लीचिंग पावडर लावून घासली होती म्हणे; बोटांची टोकं सोलवटून लाल झाली होती. आई म्हणाली, “मशीन विकून टाकली, मॅडम. आता घरात जीन्स नाय येणार. आता तरी घ्या तिला.” मी सांगितलं, जागा भरल्या. मी चहा मागवला, सगळ्यांना येतो तशाच पेल्यांत. दोघींनी तो घेतला नाही. जाताना प्रज्ञा मला थँक्यू म्हणाली.

लॅब झाली. मी प्रमुख झाले. बाहेर पाटीवर माझं नाव आहे. प्रज्ञा बदलापूरला ठेकेदाराकडे पॅकिंगला लागल्याचं पुढे कानावर आलं. औषधांचे खोके चिकटवायचं काम. शोधलं असतं तर सापडली असती. मी शोधलं नाही.

आणि दर वर्षी नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी गोष्ट सांगते. एक हुशार मुलगी होती. घरचं काम करून तसेच हात घेऊन यायची. एका ठशात तिची नोकरी गेली. मुलं धडा लक्षात ठेवतात. मोठी परिणामकारक गोष्ट आहे ती.

परवाही सांगितली. पहिल्या बाकावर उल्हासनगरची एक नवी मुलगी होती, वहीवर हात ठेवून ऐकत होती. माझी गोष्ट संपली तशी तिने हळूच मुठी मिटल्या आणि हात बाकाखाली नेले. पण त्याआधी मला तिची नखं दिसली होती.

मी बोटाने चष्मा वर सरकवला आणि पुढचा भाग शिकवायला घेतला.