पेटी आली, दादा नव्हता

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कुठं?" भाचा म्हणाला, "घरीच, आत्या." खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं... पस्तीस वर्षं समुद्रावर काढलेला माझा भाऊ स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेला.

आमच्या कुंडलची पोरं पलटणीत जायची. दादा तेवढा आरमारात गेला, तोही कृष्णेपलीकडं मोठं पाणी न पाहिलेला. साधा खलाशी म्हणून लागला आणि अधिकारी होऊन निवृत्त झाला. पण घरात त्याच्या बढत्यांपेक्षा जास्त बोलणं निघायचं ते पेटीचं.

महायुद्ध चाललेलं. मी पंचमीला माहेरी आले होते. भर दुपारी गाडीवान स्टेशनवरून दादाची लोखंडी पेटी घेऊन आला. त्या काळी पलटणीतल्या माणसाची पेटी एकटीच घरी आली, की गावाला आणखी काही सांगावं लागत नसे. आईनं हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. शेजारची काकू वहिनीच्या बांगड्या फोडायला पुढं झाली आणि वहिनीचा हात धरून ठेवला होता मी... कर्म माझं!

वहिनीनं हात हिसडला. "आवं, थांबा की! आदी पेटी उघडा."

कुलूप फोडलं. तिनं एकेक कपडा बाहेर काढला, तळ गाठला आणि माझ्याकडं वळली. "वन्सं, दाढीचं सामान कुठं हाय? चपला कुठं हायत? मेलेल्या माणसाचं समदं धाडत्यात. ह्ये निम्मंच हाय. त्ये जित्तं हायत."

कुणाचाच विश्वास बसला नाही. आठ दिवस ती ठसठशीत कुंकू लावून पाण्याला जात राहिली आणि बाया तिच्याकडं बघायचं टाळत राहिल्या. नवव्या दिवशी दादाचं पत्र आलं. जहाजावर पेटीला जागा नाही, पिशवीत भागतं, म्हणून घरी पाठवली! वहिनीनं माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, "पुन्यांदा आदी तुमी या, मग पेटी."

दादानं ते जन्मभर पाळलं. अधिकारी झाल्यावरही रजेवर येताना गाडी वेशीबाहेर थांबवायचा, आधी चालत येऊन दारात खाकरायचा आणि मग सामान आणायला गडी धाडायचा.

परवा वहिनीकडं गेले. तिचा हात धरून ठेवल्याबद्दल इतक्या वर्षांत मी कधी माफी मागितली नव्हती, ती मागितली. ती म्हणाली, "तवा तुमी समदी रडला, म्या न्हाई रडले. आता शेवटचं पाणी माझ्या हातनं पाजलंय, कुणाला सांगाय यावं लागलं न्हाई... या वन्सं, आता दोघी मिळून रडू."