सासू-सुना निघाल्या शोलावरमच्या रेसला

माझ्या नवऱ्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी सासूबाईंना घेऊन मोटारींची रेस बघायला मद्रासला गेले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे वाक्य मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग "पुढं काय झालं?" म्हणाला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

बेत मुळात आमचा होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिवानंद, म्हणजे आमचे हे, सोलापुरात नवी पेठेतलं घरचं बियाणांचं दुकान बघायचे आणि उरलेला सगळा जीव बुलेटमध्ये. मद्रासच्या पलीकडे शोलावरमला लढाईच्या काळातली एक सोडून दिलेली विमानांची धावपट्टी होती, तिथे दर वर्षी थंडी सरता सरता गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. "लोक लग्नानंतर महाबळेश्वरला जातात," मी म्हटलं होतं. "तिथं बघायला काय आहे? धुकं," हे म्हणाले. ह्यांचा मित्र राजेशम, पूर्व भागातला, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, घरी चादरींचे माग, तोही येणार होता. तिघांची रिझर्व्हेशन झाली.

आणि मंद्रूपच्या बाजाराहून येताना ह्यांच्यापुढे वासरू आडवं आलं. पाय मोडला. डोकं रस्त्याकडेच्या दगडापासून वीतभर लांब पडलं. ते वीतभर अंतर सासूबाईंनी स्वतः मंद्रूपला जाऊन हाताने मोजून बघितलं. त्यांना मी कानडी रीतीने अत्ती म्हणायचे, हे अव्वा म्हणायचे. घरी कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. मी मोडनिंबची, मला कानडी कळायला लागलं होतं, बोलता येत नव्हतं.

अत्ती परत आल्या त्या ठरवूनच. "फटफटी इकायची. कुर्डुवाडीचं गिऱ्हाईक येतंय पुढच्या गुरुवारी."

हे दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अव्वा, वीक. पण त्याआधी माझ्या तिकिटावर तू मद्रासला जाऊन ये. मला ज्याचं वेड आहे ते एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ. मग विकलीस तरी मी शब्द काढणार नाही."

"मला मेलीला काय करायचंय फटफट्या बघून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अत्ती कडक भाकऱ्यांची चळत रचून शेंगाची चटणी कुटत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती दिवसांची लागंल गं?"

ह्यांच्याजवळ राहायला अक्कलकोटहून नणंद आली आणि आम्ही निघालो. सोलापूरहून मद्रासला थेट गाडी आहे, तेव्हाही होती, त्यामुळे कुणाला जायचं असेल तर मध्ये गाडी बदलायला नको. वाडी, रायचूर, गुंटकल. खिडकीतून काळी जमीन जाते, मग तांबडी येते, मग मोठाले गोल गोल धोंडे. गुंटकलला दहीभात जरूर घ्या. तेव्हा पानात मिळायचा. खरं सांगायचं तर मला बाहेर बघवत नव्हतं. सासूबरोबर इतका वेळ एका बाकावर मी कधी बसलेच नव्हते. आणि त्यांनी मला विचारलं असतं की, सूनबाई, तुझं काय म्हणणं, तर मला उत्तर नव्हतं. ती गाडी घरात नकोशी मलाही झाली होती. ती गेली तर हे कसे होतील, तेही बघवणार नव्हतं.

मद्रासला आम्ही स्टेशनजवळच्या एका छत्रात उतरलो, म्हणजे धर्मशाळाच. स्वच्छ, विहिरीचं पाणी, बायकांना वेगळी खोली. शनिवारी सराव, रविवारी शर्यत असा कार्यक्रम होता. इडली खाऊन सकाळीच बस धरली. रेड हिल्सचा तलाव ओलांडला की पुढे रस्ताभर स्कूटरी, जीपगाड्या, सायकलवर तिघे तिघे, सगळे एकाच दिशेला! कंडक्टर तामिळ बोलत होता, राजेशम तेलुगू, तरी दोघांचं झकास जमलं. त्या बाजूला तेलुगू चालतं. उतरून पुढे शेतांच्या बांधांवरून चालायचं. आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच तो आवाज आला.

तो कसा सांगू? कानाने ऐकू येण्याआधी तो पोटात येतो. राजेशमने चक्क पळायला सुरुवात केली. मीही नऊवारीतल्या सासूचा हात धरून पळाले!

स्वस्तातलं तिकीट काढून आम्ही वळणाजवळच्या बांधावर जागा धरली. कुणी जाणार असाल, कुठल्याही रेसला, तर माझा एवढा सल्ला घ्या: सरळ पट्टीवर बसू नका, वळणावर बसा. सरळ पट्टीवर गाडी दिसते न दिसते तोच जाते. वळणावर चालवणारा माणूस दिसतो. समोर भाताच्या पेंढ्याच्या गासड्या रचून ठेवलेल्या, आमच्यापुढे एक दोरी, बस्स. आमच्या ओळखीच्या अँबॅसेडर, पण दारं-खिडक्या उतरवलेल्या, आकडे रंगवलेल्या. काही तर घरी पत्रा ठोकून बनवलेल्या, बसक्या, बाथटबला चाकं लावावीत तशा. आणि मोटारसायकली! त्या वळणावर यायच्या तेव्हा चालवणाऱ्याचा गुडघा जमिनीला टेकतोय की काय असं वाटायचं, आणि आपण बसल्या बसल्या त्याच बाजूला कलायचो. आख्खा बांध कलायचा.

अत्तींनी पदर कानांवर ओढून घेतला होता. सरावभर त्या तीनच वाक्यं बोलल्या. पहिलं, "एवढी वैरण हितं माती खातीय." दुसरं, नाक वर करून, "एरंडेल जळतंय की गं!" ते खरंच होतं; रेसच्या गाड्यांत तेव्हा एरंडेलाचं तेल घालत, त्याचा गोडसर धूर सगळीकडे भरलेला. तिसरं वाक्य, "चल आता." दुपारी आम्ही लाल धुळीने माखलेली कडक भाकरी खाल्ली. धूळ लागली तरी चटणी ती चटणीच.

मला वाटलं, संपलं. गुरुवारी गिऱ्हाईक येणार आणि गाडी जाणार.

परतीच्या बसमध्ये अत्ती एकदम म्हणाल्या, "त्यो पिवळ्या टोपडीचा, परत्येक बारीला वळणावर आला की मागं बघत हुता. का?"

राजेशम आणि मी एकमेकांकडे बघितलं. "मागचा किती जवळ आलाय ते बघत असंल, अव्वा," राजेशम म्हणाला.

"म्हणून तर मागं पडतोय. फुडं बघाय पायजे त्यानं."

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी त्या तयार होत्या.

त्या दिवशी माणूस किती म्हणावा! झाडांवर माणसं, बसच्या टपांवर माणसं, छत्र्यांचं छप्पर झालेलं. ताक विकणारे मडकी घेऊन फिरत होते, कागदाच्या पुडीत उकडलेले हरभरे खोबरं घालून मिळत होते. लाउडस्पीकरवर इंग्रजी आणि तामिळ एकमेकांच्या अंगावर चढत होतं. आम्ही कालचीच जागा पकडली. मोटारींच्या शर्यती झाल्या, एक गाडी वाफ सोडत आमच्यापुढेच थांबली, तिच्या मालकाने तिला लाथ घातली आणि मग तिच्याच टपावर बसून बाकीची शर्यत बघितली. माझा घसा तोवर बसला होता. कोण पुढे, कोण मागे, मला काही कळत नव्हतं, तरी मी ओरडतच होते.

मग मोटारसायकली आल्या. झेंडा पडला आणि सगळ्या एकदम सुटल्या, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशा. पिवळी टोपडी मधोमध होती. पहिल्या फेरीला अत्तींनी ती मला दाखवली. दुसऱ्या फेरीला त्या उठून उभ्या राहिल्या. "बघ, आज मागं बघंना त्यो!" खरंच, तो एकेकाला मागे टाकत चौथा आला, तिसरा आला. आमच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूने दुसऱ्याच्या पुढे जायला निघाला आणि मागचं चाक सरकलं.

गाडी एकीकडे, तो एकीकडे. घसरत, लोळत तो पेंढ्यात घुसला. आमच्यापासून फार तर एक अंगण लांब.  अत्तींची बोटं माझ्या दंडात रुतली. त्यांना काय दिसत होतं ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच दिसत होतं: मंद्रूपचा रस्ता.

पेंढा हलला. तो उठला. लंगडत गाडीकडे गेला, तिला उभं केलं, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. मागचे सगळे एकेक करून निघून गेले. मग त्याने गाडीचं हँडल धरलं आणि तिला ढकलत पळायला लागला.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, "ओडो तम्मा! ओडो!"

पळ रे पोरा, पळ. त्या तामिळ गर्दीत, पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हात वर केलेल्या, माझ्या सासूबाई. मग मी ओरडले, राजेशम ओरडला, आणि शेजारच्यांना अर्थ कळो न कळो, सगळा बांध "ओडो! ओडो!" करायला लागला. गाडीने एक खोकला काढला, दुसरा काढला आणि चालू झाली. तो उडी मारून बसला. शेवटचा आला, एकदम शेवटचा, पण त्याला टाळ्या पडल्या तशा पहिल्यालाही पडल्या नाहीत!

शर्यत संपल्यावर आम्ही ताक पीत होतो, तर तो दोरीशी आला. कोपराला चिंधी बांधलेली, चेहरा धुळीने लाल. "यारम्मा, ओडो अंत कूगिद्दु?" कोण बाई, पळ म्हणून ओरडलं? बेंगळूरचा होता. एवढ्या गोंगाटात त्याला आपली भाषा बरोब्बर ऐकू आली होती.

पुढचं बोलणं कानडीतच झालं. मला जसं कळलं तसं लिहिते.

"मी ओरडले," अत्ती म्हणाल्या. "लागलं का फार?"

"कोपर सोललंय फक्त."

"आई हाय?"

"आहे. घरी." तो जरा हसला. "मित्राच्या लग्नाला जातो म्हणून सांगून आलोय."

अत्तींचा चेहरा बदलला. "आन् हितं मेला असतास म्हंजे? तिनं तुला लग्नाच्या मांडवात हुडकत बसायचं व्हय?"

त्याचं हसू गेलं. काखेतली पिवळी टोपडी, म्हणजे हेल्मेट, त्याने पुढे केलं. कानाच्या वरच्या बाजूला खोल ओरखडा गेला होता, आतलं पांढरं दिसत होतं. "हे होतं ना, अम्मा. म्हणून उठलो."

अत्तींनी त्या ओरखड्यातून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.  मग म्हणाल्या, "फुडल्या वर्षी तिला घिऊन ये."

"ती घाबरेल."

"भिऊ दे की. मी बी भ्याले. न बघता घरात बसून भ्यायचं त्ये लई वाईट असतंय. घिऊन ये तिला."

त्याने खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि गेला.

सोमवारी आम्ही माउंट रोडच्या मागे, मोटारींच्या सामानाच्या गल्लीत गेलो. सोलापुरात तेव्हा हेल्मेट घातलेला माणूस मी बघितला नव्हता. अत्तींनी दुकानातलं एक उचललं, पदरावरूनच स्वतःच्या डोक्यात घातलं आणि मला म्हणाल्या, "मार बुक्की."

"अत्ती, अहो..."

"मार की गं! कळाय नगं व्हय मला?"

मी हळूच मारली. "जेवली न्हाईस व्हय?" आतून आवाज आला. मग मी दणकून मारली. लग्नाच्या पहिल्या वर्षात सासूच्या डोक्यात बुक्की घालणारी सोलापुरातली मी एकटीच असेन. दुकानदाराने हसू दाबायला पाठ फिरवली. किंमत ऐकून राजेशमनेही फिरवली. अत्तींनी घासाघीस केली नाही.

येताना गाडीत आम्ही दोघी गुंटकलपर्यंत बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही. हसून पोट दुखत होतं एवढं आठवतंय.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कशी झाली रेस?" अत्तींनी चपला काढायच्या आधी आमच्या वळणापासून सांगायला सुरुवात केली. मला एक अक्षर बोलू दिलं नाही. गुरुवारी कुर्डुवाडीचं गिऱ्हाईक आलं, त्याला चहा मिळाला, आणि गाडी द्यायची नाही हे अत्तींनीच सांगितलं. प्लास्टर निघाल्यावर हे हेल्मेट घालून नवी पेठेतून जायचे तेव्हा लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन हसायचे. "चंद्रावर चाललाय का, शिवानंद?" अत्ती उंबऱ्यातून ओरडायच्या, "तुमी हसा! डोस्कं त्येचं हाय!"

शोलावरमला आता रेस होत नाहीत. पुढे मी टीव्हीवर परदेशातल्या पुष्कळ बघितल्या; गुळगुळीत रस्ते, लाखांची तिकिटं. छान असतात. पण तिथे एरंडेलाचा वास येत नाही आणि आपण कलत नाही.

मला वाटत होतं, मद्रासला जाऊन आल्यावर अत्तींची भीती गेली. काही महिन्यांनी मी तसं म्हटलंही. हे नुकतेच मंद्रूपच्या बाजाराला निघाले होते आणि आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

"भीती कुटं जातीय?" त्या म्हणाल्या. "हाय तितंच हाय. पर आता कशाला भ्यायचं त्ये म्हाईत झालंय. बाकीच्याला कशाला भ्यायचं?"

बुलेटचा आवाज कोपऱ्यावर वळला, बारीक झाला. पूर्वी त्या हे निघाले की देवघरात जाऊन बसायच्या. त्या दिवशी कान देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गियर उशिरा टाकतोय बघ ह्यो."